रस्ता चुकण्याआधी करायची जर्मन तयारी

जर्मनीला निघताना बॅगेत काय भरायचं हे सांगायला घरचे सगळेच पुढे येतात. तोंडात काय भरायचं, त्याची ही यादी.

सुरुवात ‘एन्टशुल्डिगुंग’ने करा. माफ करा, जरा ऐकता का, अशा दोन्ही अर्थांनी हा शब्द चालतो. मग ‘वो बिन इश हीअर?’ म्हणजे मी आत्ता कुठे आहे? जोडीला ‘इश हाबं मिश फेअरलाउफन’ हवं, म्हणजे मी रस्ता चुकलोय. बाईमाणसाने म्हटलं तरी वाक्य तेच राहतं. मात्र ते पायी चुकलेल्याचं आहे. गाडी चालवताना भरकटलात, तर शेवटी ‘फेअरफारन’ म्हणावं लागतं. ‘हाबं’वरचा अनुस्वार नाकातून काढू नका, ‘केलं’ म्हणताना शेवटी जेवढं तोंड उघडतं तेवढंच पुरे.

‘वी कोमं इश त्सुम बानहोफ?’ म्हणजे स्टेशनला कसं जायचं. इथे लिंग आडवं येतं. तो-ती-ते आपल्यालाही आहे, म्हणून तीन लिंगांची धास्ती नको, पण जोड्या जुळत नाहीत. स्टेशन आपल्याकडे ‘ते’, तिकडे बानहोफ ‘तो’. तेव्हा ‘त्सुम बानहोफ’ आणि मेट्रोसाठी ‘त्सुअर उ-बान’ हे दोन तुकडे आहेत तसेच घोटा. आदरार्थी ‘झी’ आपल्या ‘तुम्ही’सारखं आहे. अनोळखी माणसाला ‘डू’, म्हणजे थेट ‘तू’, नको.

आता यादीतलं सगळ्यात दुर्लक्षित काम: उत्तराची तयारी. प्रश्न घोकून घोकून इतका सफाईदार होतो, की समोरच्याला वाटतं याला जर्मन येतं, आणि तो भरधाव सुटतो. म्हणून घरी कुणाला तरी बसवून उत्तरं कानावर पडू द्या. लिंक्स म्हणजे डावीकडे, रेश्ट्स उजवीकडे, गेराडंआउस सरळ, आन डेअर आम्पेल सिग्नलपाशी, गेगेनऊबर समोरच्या बाजूला. ‘लांगझामर, बिटं’ (जरा हळू) हेही हाताशी ठेवा.

आकड्यांवर वेगळा तास घालवा. बर्लिनमध्ये एका आजींनी मला घर क्रमांक सांगितला, ‘ड्रायउंडफिअर्त्सिश’. मी ऐकलं तीन, मग चाळीस, आणि वहीत लिहिलं ३४. त्या रस्त्यावर ३४ नंबरला दाताचा दवाखाना होता. खरं तर तीन-आणि-चाळीस म्हणजे आपलं त्रेचाळीसच की! एकक आधी, दशक मागून. जन्मभर पंचवीस, बावन्न म्हणणाऱ्याने इथे अडखळू नये. मी इंग्रजीतून ऐकत होतो, तिथेच फसलो. फक्त एकोणतीसची सवय सोडा, त्यांच्याकडे तो सरळ नऊ-आणि-वीस आहे.

पत्ता वहीत पूर्ण लिहून न्या, पाच आकडी पिनकोडसकट. १९२० साली आजूबाजूची शहरं आणि गावं जोडून बर्लिन मोठं झालं, त्यामुळे एकाच नावाचे रस्ते तिथे अनेक भागांत सापडतात. फ्रांकफुर्टसुद्धा दोन आहेत, एक माइन नदीवरचं आणि एक पोलंडच्या सीमेला ओडर नदीवरचं. कुरफ्युर्स्टनडामसारख्या जुन्या रस्त्यांवर तर नंबर एका बाजूने चढत जातात आणि दुसऱ्या बाजूने उलटे परत येतात, म्हणून समोरच्या घराचा नंबर बघून अंदाज बांधू नका. आणि ‘आइनबानश्ट्रासं’ ही पाटी दिसली तर ते रस्त्याचं नाव म्हणून टिपून घेऊ नका. ती एकेरी वाहतुकीची पाटी आहे.

जंगलात फिरायला जाणार असाल तर वाटेवरच्या ‘रेटुंग्सपुंक्ट’ पाट्यांवरचे क्रमांक बघत चला. ११२ ला फोन केला की तो क्रमांक सांगून तुमची जागा कळवता येते.

शेवटचं एक उत्तर ऐकायची तयारी ठेवा, मोठ्या शहरांत ते हमखास मिळतं: ‘इश बिन आउख निश्ट फॉन हीअर.’ मीही इथला नाही. त्यावर ‘ट्रोट्सडेम डांकं’, तरीही धन्यवाद, म्हणायचं आणि हातात भाजीची पिशवी असलेला माणूस शोधायचा.