शाळेत साप चावला तर: आमची जूनमधली तालीम

कोकणातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेची मी मुख्याध्यापिका. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच शनिवारी, मुलं घरी गेल्यावर, आम्ही सर्पदंशाची तालीम करतो. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही त्यात घ्याच. लाकडांच्या ढिगात हात त्यांचाच जातो.

एकाने रुग्ण व्हायचं. दुसऱ्याने त्याला झोपवायचं, धीर द्यायचा, पायाला आधार म्हणून मोठी लाकडी पट्टी सैलसर बांधून पाय हलू द्यायचा नाही. सूज चढते, म्हणून बूट, पैंजण आधी काढायचे. तिसऱ्याने १०८ ला फोन करून दंशाची वेळ वहीत लिहायची. करकचून दोरी, ब्लेड, तोंडाने विष ओढणं, मांत्रिक, यातलं काहीही नाही. हे मी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेते. एकदा घाबरून माझाच हात दोरीकडे गेला होता, ते अजून विसरले नाही.

साप शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर प्रतिविष एकच. मण्यारीचा दंश तर कधीकधी दुखतही नाही, म्हणून ‘काहीतरी चावलं’ म्हणणाऱ्या मुलालाही न्यायचंच.

प्रतिविष कुठे मिळेल, ते ग्रामीण रुग्णालयात आधीच विचारून ठेवा. ओढा भरल्यावर कुणाची रिक्षा कुठल्या रस्त्याने जाईल, तेही.