मोठ्या कॅरॅव्हॅन ट्रेलरचे टायर आणि रिम बदलायचेत? आधी वजनकाट्यावर न्या, मग दुकानात

गोव्यात कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, फार धावतच नाही. ऑक्टोबरात बाहेर काढायचा, मांद्रेला नाहीतर पाळोळेला किनाऱ्यावर नेऊन उभा करायचा, आणि जूनचा पाऊस लागायच्या आत परत भाटात, म्हणजे घरच्या माडांच्या बागेत. त्यामुळे पाच वर्षांनी टायर बघितला तरी नक्षी नव्यासारखी असते आणि मालक म्हणतो, अजून दोन सीझन आरामात निघतील. कारच्या टायरला हा हिशोब एकवेळ चालतो, ट्रेलरला नाही. टायरच्या रबरात एक मेण मिसळलेलं असतं, हवेतल्या ओझोनपासून ते रबराला वाचवतं, पण टायर फिरला, दबला-सुटला तरच ते वर येतं. उभ्या टायरला ते मिळतच नाही, वर एप्रिल-मेचं ऊन, मग साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, केसासारख्या भेगा पडतात आणि आतल्या थरांची पकड सुटायला लागते. असा टायर उभ्या ट्रेलरला काही बोलत नाही, तो फुटतो हायवेवर, पूर्ण लोड घेऊन, आणि फुटताना चाकावरचा पत्रा, वायरिंग, पाण्याचा पाइप सगळं फाडून जातो.

म्हणून पहिल्यांदा नक्षी सोडा आणि तारीख बघा. साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. हे चार आकडे कधीकधी आतल्या बाजूलाच असतात, तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन ट्रेलरखाली शिरावं लागतं, कंटाळा करू नका. पाच वर्षं झाली की बदलायचं मनावर घ्या, सहाच्या पुढे माझ्या मते वाद घालूच नये, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

पहिलं काम: वजन

बहुतेक लोक जुन्या टायरवरचा साइझ मोबाइलमधे फोटो काढून दुकानात दाखवतात आणि तेवढंच सांगून मोकळे होतात. जुना साइझ बरोबर होता हे कोणी सांगितलं? बनवणाऱ्याने रिकाम्या ट्रेलरचा हिशोब केला असेल, नंतर तुम्ही एसी बसवला, बॅटऱ्या दुप्पट केल्या, किचनला ग्रॅनाइटचा ओटा घातला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो तिथेच गेले. घरगुती सिलिंडरमधे गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडासकट तो तीस किलोच्या आसपास जातो.

तेव्हा ट्रेलर प्रवासाला जसा नेणार तसा पूर्ण भरा आणि वजनकाट्यावर न्या. डिचोली, कुडचडे भागात खाणींच्या ट्रकांमुळे मोठे काटे पहिल्यापासून आहेत. गाडी जोडलेलीच ठेवायची पण काट्याच्या बाहेर, फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. हे झालं चाकांवर येणारं वजन. मग काटेवाल्याला विनंती करून एका बाजूचीच चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची खाली, असं वजन घ्या. काटा जमिनीच्या लेव्हलला असेल आणि बाजूला जागा असेल तरच हे जमतं, पाच मिनिटं रांग अडते, मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो, मारू दे.

का, ते बघा. समजा दोन एक्सलचा, म्हणजे चाकं जोडणारे दोन दांडे असलेला ट्रेलर आहे, चार चाकांवर मिळून २९६० किलो आले. चाराने भागलं की ७४०. पण किचन, फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आहेत, त्या बाजूला १६४० निघाले, म्हणजे तिथल्या प्रत्येक चाकावर ८२०. आपला आकडा हा ८२०, सरासरीचा ७४० नाही. त्यावर वीस टक्के वर धरा, ९८४ झाले. म्हणजे एका टायरला निदान हजार किलो झेपले पाहिजेत. वीस टक्के कशाला असं कोणी विचारलं तर सांगा की दोन एक्सलच्या ट्रेलरला एका टायरची हवा गेली की त्याच बाजूचा दुसरा काही वेळ जवळपास दोघांचं वजन ओढतो, आणि घाटातल्या वळणावर तर एक बाजू तशीही जास्त दबते.

साइडवॉल वाचायची कशी

साइझच्या पुढे एक आकडा आणि अक्षर असतं, तो लोड इंडेक्स आणि स्पीड. १०८ म्हणजे १००० किलो, ११३ म्हणजे ११५०, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५०. कमर्शियल टायरला ११३/१११ असे दोन आकडे असतात, पहिला एक्सलच्या एका टोकाला एकच टायर असेल तर आणि दुसरा ट्रकासारखे जोडीने टायर असतील तर. आपल्याला पहिला बघायचा. अक्षरात एल म्हणजे ताशी १२०, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०. ट्रेलर घेऊन कोणी एवढ्या वेगात जाऊ नये, पण वरचं अक्षर म्हणजे टायर उष्णता जास्त सहन करतो, आणि ट्रेलरच्या टायरला मारते ती उष्णताच.

पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, ८ पीआर, १० पीआर वगैरे. आजच्या रेडियल टायरमधे तेवढे थर नसतात, ती फक्त ताकदीची जुनी मोजणी चालत आलीय. अमेरिकन टायरवर त्याऐवजी सी, डी, ई असतं, म्हणजे सहा, आठ, दहा प्लाय.

एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे लोड इंडेक्स जुळतो म्हणून कारचा टायर घालणं. कारच्या टायरची साइडवॉल मऊ, आणि दोन एक्सलचा ट्रेलर वळताना चाकं सरळ फिरत नाहीत, आडवी घासतात. पेट्रोल पंपावर रिकाम्या जागेत ट्रेलर वळवायला सांगा आणि बाजूला उभं राहून टायर बघा, पुढचा एका दिशेला मुरडतो आणि मागचा दुसऱ्या, अक्षरशः टायर रिमवरून निघेल असं वाटतं. अमेरिकेत सुद्धा कारचा टायर ट्रेलरला लावला तर त्याची क्षमता १.१० ने भागून कमी धरतात.

इंपोर्टेड साइझ मिळत नाही, मग काय

खरी अडचण इथे आहे. परदेशी बनावटीचा ट्रेलर किंवा परदेशी एक्सल असेल तर त्याला बहुतेक एसटी लिहिलेला टायर असतो, खास ट्रेलरचा, उदाहरणार्थ एसटी २२५/७५ आर १५. आपल्याकडच्या दुकानात हा विचारला की पात्रांव, म्हणजे दुकानमालक, नकाराची मान हलवतो. जून २०२० पासून बऱ्याच प्रकारच्या टायरांची आयात सरकारने रिस्ट्रिक्टेड यादीत टाकलीय, शिवाय इथे विकायचा तर आयएसआय मार्क लागतो, त्यामुळे कोणीतरी कंटेनरमधून आणून देतो म्हणाला तर आधी तो मार्क दाखव म्हणा.

उपाय म्हणजे आपल्या पिकअप आणि व्हॅनचे कमर्शियल रेडियल, साइझच्या शेवटी सी किंवा साइझबरोबर एलटी असलेले. हा सी कमर्शियलचा, वरचा सहा प्लायचा नव्हे. वरच्याच उदाहरणाचा हिशोब करू. २२५/७५ आर १५ ची उंची: २२५ मिलिमीटर रुंदीच्या ७५ टक्के १६८.७५, वर-खाली मिळून दुप्पट ३३७.५, त्यात रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवा, झाले साधारण ७१८. आता २१५/७५ आर १६ सी घ्या: ३२२.५ अधिक ४०६.४, म्हणजे ७२९. फरक दहा-अकरा मिलिमीटर, ट्रेलर पाचेक मिलिमीटर उचलला जाईल, कळणारही नाही. आणि ११३/१११ लोडचा घेतला तर ११५० किलो, म्हणजे एसटीच्या डी रेंजवाल्या (आठ प्लायच्या) टायरएवढीच क्षमता, आणि आपल्या हजार किलोच्या हिशोबात बसून वर दीडशे शिल्लक. फक्त रिम १६ ची घ्यावी लागेल, पण पाच-सहा वर्षांनी परत साइझ शोधत फिरण्यापेक्षा एकदा रिम बदललेली बरी, असं मला तरी वाटतं.

उंच टायर घालताना वरचा पत्रा बघा. ट्रेलर खड्ड्यात आपटला की एक्सल वर येतो, टायर आणि पत्रा यात किमान तीन इंच तरी हवेत. दोन टायरांच्या मधली जागाही बघा, तिथे चिऱ्याचा खडा अडकला तर दोन्ही टायर एका दमात जातात. आणि आरसीवर टायरचा साइझ लिहिलेला असेल तर बदलायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

रिम: इथे लोक सगळ्यात जास्त फसतात

टायर बाराशे किलोचा आणि रिम आठशेची, तर तुमची क्षमता आठशेच. रिमच्या मागच्या बाजूला मॅक्स लोड असं कोरलेलं असतं, नसेल तर ती रिम ट्रेलरला घेऊ नका, कितीही चकचकीत असली तरी. मग भोकं. सहा भोकांची असेल तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, १३९.७ मिलिमीटर हा नेहमीचा, फॉर्च्युनरचाही तोच. पाच भोकांचं मोजणं फसवं असतं कारण समोर भोक येतच नाही, ११४.३ आणि ११२ मधला फरक टेपने कळत नाही, तेव्हा जुनी रिमच दुकानात उचलून न्या आणि एकावर एक ठेवून बघा.

भोकं जुळली म्हणून फॉर्च्युनरची रिम बसेल असं नाही. ट्रेलरच्या रिमचा ऑफसेट बहुतेक शून्य असतो, म्हणजे हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारा भाग बरोबर मधोमध. कारची रिम त्यामानाने आत बसते, टायर स्प्रिंगला किंवा चासीला घासतो आणि बेअरिंगवर वजन भलतीकडेच येतं. स्पेसर, म्हणजे मधे जाड चकती, घालून जमवू म्हणणारे गॅरेजवाले भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

लोखंडी घ्यावी की अलॉय? किनाऱ्याला उभा राहणारा ट्रेलर असेल तर लोखंडीला तीन पावसाळ्यात गंज धरतो, अलॉयला खारी हवा लागून कडेला पांढरी पावडर सुटते आणि टायर बसतो तिथून हवा हळूहळू जाते. मी लोखंडी म्हणेन, कारण गंज दिसतो तरी, घासून रंगवता येतो, आणि वाकली तर लगेच कळतं. अलॉय घेतलीच तर तिची जाडी जास्त असते, स्टड (नट बसतो तो चाकाचा बोल्ट) पुरतो का आणि नट कोणत्या आकाराचा लागतो ते बघून घ्या.

दुकानात

चारही टायर आणि स्टेपनी एकाच साइझचे, एकाच कंपनीचे. रेडियल आणि जुन्या पद्धतीचे नायलॉन टायर एका ट्रेलरवर मिसळायचे नाहीत. तारीख सहा महिन्यांच्या आतली मागा. एमआरएफची फॅक्टरी आपल्या उसगावलाच आहे, पण म्हणून दुकानातला माल ताजा असतो असं नाही, कमी खपाचे साइझ दोन-दोन वर्षं माळ्यावर पडून असतात. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेला टायर, स्वस्त पडतो, पण वर्षातला बहुतेक वेळ उभ्या राहणाऱ्या ट्रेलरला नको.

वॉल्व्हकडे कोणी बघत नाही. साधा रबरी वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, आणि कमर्शियल टायरला हवा बऱ्याच वेळा त्याच्या वर लागते. धातूचा, नट लावून कसायचा वॉल्व्ह मागा. बॅलन्सिंग करून घ्या, ट्रेलरला कशाला म्हणतील, पण आतल्या कपाटांचे स्क्रू सैल कशाने होतात ते त्यांना माहीत नसतं.

बसवायच्या दिवशी

जुना टायर काढल्यावर तो फेकायच्या आधी वाचा. मधेच झिजला असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, आणि एकच कड गेली असेल तर एक्सल वाकलाय किंवा अलाइनमेंट गेलीय. ते दुरुस्त न करता नवीन टायर घातले तर पैसे पाण्यात. चाक निघालेलंच आहे तर बेअरिंगचं ग्रीसही बघा.

हबचा आणि रिमचा जिथे स्पर्श होतो तो भाग तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे गंज किंवा जाड रंग राहिला की नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, मग रंग दबतो आणि नट आपोआप सैल. नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर कसायचे, आणि शेवटचा कस टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, अर्ध्या इंची स्टडला साधारण १२० ते १६० न्यूटन मीटर, नक्की आकडा एक्सलच्या कागदात मिळतो. एअर गनने खट-खट-खट करून सोडून दिलं तर सरळ थांबवा. नंतर २०-२५ किलोमीटरवर एकदा आणि शंभरच्या आत परत एकदा पाना लावून बघा. पेडण्याहून निघालात तर पर्वरीच्या आधी कुठेतरी सावलीत थांबा आणि उरकून घ्या.

हवा टायर थंड असताना, सकाळी, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याएवढी भरा, रिमची मर्यादा त्यापेक्षा कमी नसेल तर. पेट्रोल पंपावरचं मशीन बऱ्याचदा तेवढं चढत नाही, ट्रकवाल्या पंक्चरच्या दुकानात जा. उन्हात धावून आल्यावर आकडा वाढलेला दिसेल, तो तसाच असतो, हवा सोडू नका.

पावसाळ्यात ठेवताना चाकं मातीवर नकोत, फळ्यांवर चढवा, हवा पूर्ण ठेवा, ऊन लागतं त्या बाजूला पांढरं कापड किंवा कव्हर टाका. महिन्याला एकदा अर्धा फेरा पुढे-मागे केला तर फार बरं. जुने टायर मात्र भाटात टाकून ठेवू नका, पाणी साचून डास होतात आणि डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं येऊन सुनावून जातात. दुकानदार घेत नसेल तर मालिमच्या जेटीवर विचारा, ट्रॉलरवाल्यांना बाजूला बांधायला लागतात.