इंग्रजी उत्तम, तरी ब्रिटनमध्ये अडतं कुठे? पहिल्या सहा महिन्यांसाठी

जर्मनीला निघालेला माणूस आधी भाषेचा वर्ग लावतो. ब्रिटनला निघालेला लावत नाही, कारण इंग्रजी पहिलीपासून झालेलं असतं आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात बँड मिळालेले असतात. खरी अडचण इथूनच सुरू होते. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्याकडून काही चुकलं, तर समोरचा म्हणतो, भाषा येत नाही बिचाऱ्याला. अस्खलित बोलणाऱ्याचं तेच चुकलं, तर तो उद्धट किंवा बेभरवशाचा ठरतो. तुमच्याही बाजूने असंच होतं. गोरा साहेब गोड बोलून वेगळंच वागला, असं वाटतं. त्याने ‘नाही’ स्पष्ट सांगितलं होतं, पण ते तुमच्या कानाला ‘नाही’सारखं लागलेलं नसतं.

म्हणून पहिले सहा महिने तिथलं इंग्रजी म्हणजे आपल्या इंग्रजीची चुलत बहीण आहे, असं धरून चाला. पुढचा मजकूर मुख्यतः इंग्लंडला धरून आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदे काही ठिकाणी वेगळे आहेत. स्कॉटिश माणसाला ‘इंग्लिश’ तर कधीच म्हणू नका.

आधी आपलं बोलणं

मराठीत अदब क्रियापदात आणि स्वरात असते. ‘जरा पाणी द्या ना’, ‘तेवढं बघाल का’ एवढ्याने काम होतं; ‘कृपया’ फक्त पाटीवर. हेच इंग्रजीत नेताना ‘गिव्ह मी वॉटर’ उरतं, अदब वाटेत गळते आणि ऐकणाऱ्याला हुकूम ऐकू येतो. उपाय साधा आहे. मागणी प्रश्नाच्या रूपात करा आणि शेवटी ‘प्लीज’ लावा: ‘कॅन आय हॅव अ कॉफी, प्लीज?’ हातात वस्तू आली की ‘थँक्स’, सुट्टे पैसे आले की पुन्हा ‘थँक्स’. आपल्याला हे अति वाटतं, तिथे ही किमान पातळी आहे. बसमधून पुढच्या दाराने उतरताना ड्रायव्हरलाही थँक्स म्हणतात. लंडनच्या बसमध्ये मधल्या दाराने उतरतात, तिथे याची अपेक्षा नसते.

फोन उचलून ‘येस, टेल मी’ म्हणू नका. आपल्या मनात ते ‘बोला’ असतं, पण तिकडे ते ‘लवकर आटप’ असं लागतं. ‘हॅलो’ म्हणून स्वतःचं नाव सांगितलं की पुरे. ‘आय हॅव अ डाउट’ हे तर रोज घात करतं. मीटिंगमध्ये असं म्हटलं की तुमचा सांगणाऱ्यावर विश्वास नाही, असा अर्थ निघतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘डू द नीडफुल’, ‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’ हे शब्द तिथे चालतच नाहीत. ‘काइंडली’ने ईमेल मऊ होत नाही, उलट वकिलाच्या नोटिशीसारखा कडक होतो. ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं, म्हणून २०२१ साली पदवी घेतली हे सांगायला ‘ग्रॅज्युएटेड’ वापरा. आणि ‘पँट’ म्हणजे आतले कपडे. बाहेर घालतात त्या ‘ट्राउझर्स’.

उच्चार बदलून गोरं व्हायची गरज नाही, पण तीन गोष्टी सुधारल्या की निम्मे ‘सॉरी?’ कमी होतात. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क आपण हवा न सोडता म्हणतो, त्यामुळे इंग्रजी कानाला ते कधीकधी ब, ड, ग वाटतात. तिथे थोडी हवा सोडा. आपला एकच ‘व’ त्यांचे दोन ध्वनी सांभाळतो: ‘वेस्ट’ म्हणताना ओठ गोल करा, ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. तिसरं, वेग कमी करा. आडनाव फोनवर सांगताना एकेक अक्षर सांगायची तयारी ठेवा आणि कंटाळा करू नका.

त्यांचं बोलणं कसं ऐकायचं

‘यू ऑलराइट?’ हा तब्येतीचा प्रश्न नाही. उत्तर ‘येस, यू?’ एवढंच, तेही चालता चालता. ‘नॉट बॅड’ म्हणजे चांगलं आहे. ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुतेक वेळा ‘ठीक, पण अजून बरं होऊ शकलं असतं’. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे. इथवर सोपं आहे.

कामाच्या ठिकाणचं ऐकणं मात्र शिकावं लागतं, कारण तिथे सूचना सल्ल्याच्या वेशात येते. साहेब म्हणतो, ‘यू माइट वाँट टू हॅव अनदर लुक अ‍ॅट पेज फोर.’ शब्द पाहिले तर मर्जी तुमची. अर्थ असा की पान चार चुकलं आहे, आज दुरुस्त करा. ‘आय हॅव जस्ट अ कपल ऑफ स्मॉल कॉमेंट्स’ म्हटल्यावर पुष्कळ बदल येऊ शकतात. ‘दॅट्स अ‍ॅन इंटरेस्टिंग आयडिया’ आणि नंतर विषय बदलला, तर कल्पना बारगळली. ‘विथ रिस्पेक्ट’ने सुरू होणारं वाक्य विरोधाचंच असतं. यात लबाडी नाही. समोरच्याला चारचौघांत उघडं पाडू नये, हा त्यांचा शिष्टाचार आहे, आणि तो सगळ्यांना कळतो असं ते गृहीत धरतात.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक सवय लावा. चर्चा झाली की त्याच दिवशी तीन ओळींचा ईमेल पाठवा: काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत. वर ‘जस्ट टू चेक आय हॅव अंडरस्टुड’ एवढं लिहा. चुकीचं समजलं असेल तर उत्तर येतं. हा ईमेल तिथे कमीपणाचा मानत नाहीत, नेटकेपणाचा मानतात.

आता आपली बाजू. आपण ‘येस, येस’ म्हणतो तेव्हा बरेचदा फक्त ‘ऐकतोय’ एवढंच म्हणत असतो. त्यांच्या लेखी तो होकार असतो. मान दोन्ही बाजूंना डोलावली तर हो की नाही, हेच कळत नाही. ‘आय विल ट्राय’ म्हणजे आपल्याकडे सभ्य नकार, तिथे ते वचन धरलं जातं. शुक्रवारी काम द्यायचं आहे आणि ते होणार नाही हे मंगळवारी दिसत असेल, तर मंगळवारीच सांगा आणि सोबत नवी तारीख द्या. तुमच्याबद्दलचं मत उशिराने तितकं बिघडत नाही, जितकं शुक्रवारी संध्याकाळी कळलेल्या उशिराने बिघडतं.

साहेबाला आणि प्राध्यापकांना ‘सर’, ‘मॅडम’ नको. पहिला ईमेल ‘डिअर डॉक्टर’ आणि आडनाव असा लिहा. उत्तराखाली त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहिलं असेल, तर पुढच्या वेळी तेच वापरा. वडीलधाऱ्याला नावाने हाक मारणं जिवावर येतं हे खरं आहे, पण ‘सर’ म्हणत राहिलात तर अंतर तुम्ही राखताय असा समज होतो. ऑफिसात चहा आणून देणारं कोणी नसतं. स्वतःसाठी करायला उठलात, तर आसपासच्यांना विचारून त्यांचाही करायचा. इतरांच्या हातचा रोज प्यायचा आणि आपण कधीच उठायचं नाही, हे कोणी तोंडावर बोलत नाही, पण लक्षात राहतं.

‘नको’ म्हणजे नकोच

मराठी घरात पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो, यजमान आग्रह करतो, दुसऱ्यांदा ‘बरं, अर्धीच’ असं होतं. इंग्रज घरात तुम्ही ‘नो, थँक यू’ म्हटलंत की भांडं पुढे सरकतं आणि तुम्ही उपाशी राहता. हवं असेल तर पहिल्यांदाच ‘येस, प्लीज’ म्हणा. तुमच्याकडे ते जेवायला आले, तर त्यांच्या ताटात न विचारता वाढू नका. टाकू नये म्हणून ते पोट दुखेपर्यंत खातात आणि पुढच्या वेळी यायला बिचकतात. आग्रहामागचं प्रेम त्यांना आपोआप दिसत नाही.

‘यू मस्ट कम फॉर डिनर समटाइम’ हे आमंत्रण नाही, सदिच्छा आहे. तारीख आणि वेळ ठरली की आमंत्रण. मग शाकाहारी आहात, अंडं चालतं की नाही, हे आधीच कळवा; ताटावर बसून सांगितलं तर यजमानाची पंचाईत होते. दिलेल्या वेळेनंतर पाच ते पंधरा मिनिटांत पोहोचा, आधी नको. मुलांना किंवा घरी आलेल्या भाच्याला न विचारता नेऊ नका. चॉकलेट, फुलं किंवा वाइनची बाटली न्या.

पबमध्ये प्रत्येक जण आळीपाळीने सगळ्यांसाठी पेयं आणतो. दारू पीत नसाल तर लाइम सोडा घ्या, कोणाला खटकत नाही. पण पाळी आली की उठायचं. लवकर निघायचं असेल तर पहिली पाळी तुम्ही घ्या, किंवा ‘आय विल गेट माय ओन’ असं सुरुवातीलाच सांगा.

पगार, घरभाडं, लग्न, मूल कधी, वजन वाढलं का, हे प्रश्न ओळख घट्ट होईपर्यंत टाळा. हवामान, वीकेंड, सुट्टीचे बेत यांवर बोलणं म्हणजे वरवरचं बोलणं नव्हे. तिथे ओळखीचा रस्ता तिथूनच जातो.

मुलींना आणि बायकांना हे विशेष सांगायला हवं: दुकानदार किंवा बसचालक ‘लव्ह’ म्हणाला तर तो लगट करत नसतो. स्टोक आणि नॉटिंगहॅमकडे ‘डक’, न्यूकासलला ‘पेट’, ग्लासगोत ‘हेन’ म्हणतात, अनोळखी माणसालाही. आपल्याकडच्या ‘ताई’, ‘मावशी’च्या जागी ते शब्द आहेत. त्यात नजर किंवा स्पर्श खटकला, तर ती गोष्ट वेगळी, तिथे गप्प बसू नका. उत्तर इंग्लंडात ‘टी’ला बोलावलं तर बहुधा संध्याकाळचं जेवण असतं.

घर आणि शेजार

भाड्याचं घर घेताना इंग्लंडमध्ये, वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर, अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत मालकाला ती मान्यताप्राप्त अनामत-संरक्षण योजनेखाली नोंदवावी लागते. योजनेचं नाव लेखी मागा. राहायला गेल्याच दिवशी भिंती, गालिचा, ओव्हन यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (कौन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका, तिचा घरावरचा कर) माफ असतो, एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट. दोन्हींसाठी कौन्सिलला कळवावं लागतं.

फोडणी घालण्याआधी पंखा लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. धुराचा अलार्म वाजतो म्हणून तो झाकणं किंवा काढणं जिवाशी खेळ आहे. कोट बंद कपाटात ठेवा, लोकर वास धरते. थंडीत बंद खोलीत कपडे वाळवले की भिंतीला काळी बुरशी येते आणि तिचा खर्च अनामतीतून कापण्यावरून वाद होतो. रोज दहा-पंधरा मिनिटं खिडकी उघडाच.

रात्री ११ ते सकाळी ७ आवाज नको. शेजारी बरेचदा समोर येऊन भांडत नाही, दाराखालून चिठ्ठी सरकवतो किंवा थेट कौन्सिलकडे तक्रार करतो. घरी आरती किंवा वाढदिवस असेल तर दोन दिवस आधी भेटून सांगा, किती वाजता संपेल तेही सांगा.

रस्ता, डॉक्टर, शाळा

भारतीय परवान्यावर तिथे स्थायिक झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. बाजू डावीच, पण इशारे उलटे. आपल्याकडे समोरच्याने दिवे चमकवले तर ‘मी येतोय, थांब’. तिथे बहुधा ‘तुम्ही जा’. बहुधा म्हणायचं कारण, हायवे कोड या तिथल्या वाहतूक नियमावलीप्रमाणे त्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच आहे, म्हणून खात्री करूनच निघा. हॉर्न म्हणजे शिवी समजतात.

पोहोचल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. नोंदणी मोफत असते. फोनवर रिसेप्शनिस्ट काय होतंय ते विचारते, ती चौकशी नसून कोणाकडे पाठवायचं ते ठरवणं असतं. ‘थोडा ताप आहे’ असं म्हणालात तर थोडाच धरतील. किती दिवस, किती डिग्री, काय करता येत नाही, हे सांगा. अँटिबायोटिक सहज मिळत नाही आणि थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, याला हलगर्जी समजू नका. तातडीच्या पण जिवावर न बेतलेल्या दुखण्याला फोन १११, जिवावर बेतलं तर ९९९.

मुलांवर हात उगारण्याबद्दल स्पष्ट असा: स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून चापट मारणंही बेकायदेशीर आहे. इंग्लंडमध्ये कायदा वेगळा असला, तरी अंगावर वळ दिसला तर शाळा ते पुढे कळवते. शाळा चालू असताना परवानगीविना मुलांना भारतात नेलं, तर इंग्लंडमध्ये पाच दिवसांच्या गैरहजेरीवर दर मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. गणपती अनेकदा शाळा नुकती उघडल्यावर येतात. चतुर्थीच्या दिवसाची धार्मिक रजा हवी असेल, तर मुख्याध्यापकांना आधीच लेखी कळवा, तारखेसह. एका दिवसाची रजा मिळण्याची शक्यता चांगली असते, आठवड्याची फार कमी. बाकीच्या दिवसांसाठी जवळचं मंडळ शोधा. लंडनच्या डॉलिस हिल भागातलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे.