दहावीचं गणित: एका गुणाला तीन मिनिटं
गणित भाग 1 आणि भाग 2, दोन्ही पेपर 40 गुणांचे, वेळ 2 तास. म्हणजे गुणामागे 3 मिनिटं. रात्री लाइन जाते, म्हणून जुनी प्रश्नपत्रिका सुटीच्या दिवशी सकाळी 11 वाजता घड्याळ लावून सोडवा. खरा पेपरही तेव्हाच सुरू होतो. घात होतो तो 4 गुणांच्या एखाद्या गणितापायी. उत्तर जुळत नाही म्हणून पोरं अर्धा तास तिथंच अडकतात. 12 मिनिटं झाली की खाली जागा सोडून पुढं जा. लिहिलेलं सूत्र, पायऱ्या मात्र खोडू नका, त्यांचेही गुण मिळतात. केंद्र तालुक्याला असेल तर साडेदहाच्या आत पोचवणारी एसटी कोणती, हे आठवडाभर आधीच विचारून ठेवा.