उघडा रॅक की बंद कपाट? म्हापशातला माझा अनुभव

सर्व्हरसाठी आधी उघडा रॅक, म्हणजे दारं-भिंती नसलेला सांगाडा, घेतला. स्वस्त, वारा मोकळा, मागून केबल ओढायला सोपा. खोली बंद, एसीची असती तर आजही तोच ठेवला असता. पण आमची खिडकी रस्त्यावर. मे महिन्यात लाल धूळ, जूनपासून दमट हवा. पंख्याच्या पात्यांवर चिखलासारखा थर. एकदा पॉवर सप्लाय खोलला तर आत वाळलेली पाल!

मग १९ इंची (आत बसणाऱ्या यंत्रांची रुंदी), काचेच्या दाराचं कपाट आणलं. धूळ थांबली, पण सर्व्हर घोंघावायला लागला. दार उघडलं की पाच मिनिटांत शांत. सर्व्हर हवा पुढून ओढतो, मागे सोडतो. काच नेमकी तीच वाट अडवत होती. दोन्ही दारं जाळीची करून घेतली. तरी वरचा सर्व्हर तापेच. मधल्या रिकाम्या घरांतून मागची गरम हवा पुन्हा पुढे येत होती. तिथे १.७५ इंच उंचीची ब्लँकिंग पॅनेल (रिकामी घरं झाकणाऱ्या पट्ट्या) ठोकली, तेव्हा पंखे निवले.

जाळीतून धूळ येणारच, म्हणून खिडकी सील करून एसी लावला. पुढच्या दाराला आतून फोमचा फिल्टर आहे, तो महिन्याला धुतो. कपाटाला कुलूप आहे, त्यामुळे हिशेबनीस काकांचा मोबाईल चार्जर आता यूपीएसमध्ये खुपसलेला नसतो. पॅच पॅनेल (नेटवर्कच्या केबल जिथे येऊन जोडतात ती पट्टी) मात्र भिंतीवर उघडंच ठेवलंय.