लोकल सर्व्हरवर भलतीच साइट उघडतेय? व्हर्च्युअल होस्ट असा तपासा

मागच्या महिन्यात सिडकोतला मावसभाऊ लॅपटॉप घेऊन घरी आला, चेहरा पडलेला. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराची साइट बनवतोय, झॅम्पवर (आपल्याच मशीनवर साइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) तिला वेगळं नाव, म्हणजे व्हर्च्युअल होस्ट, दिलंय, पण ते नाव ब्राउझरला टाकलं की कॉलेजचा जुना लायब्ररी प्रोजेक्ट उघडतोय. "दादा, झॅम्प दोनदा काढून परत टाकलं, तरी तेच." अरे बाबा, झॅम्प काढून टाकणं हा इलाजच नाही, त्यात फक्त आपली संध्याकाळ जाते. आधी गाडी नेमकी कुठे अडकलीय ते बघायचं.

हे समजायला आपल्या जुन्या नाशकातला वाडा डोळ्यासमोर आणा. रिक्षावाल्याला वाड्याचा पत्ता माहीत पाहिजे, ते काम विंडोजच्या होस्ट्स फाइलचं. वाड्यात शिरल्यावर कुठल्या बिऱ्हाडात जायचं ते झॅम्पमधला वेब सर्व्हर, म्हणजे अपाची, सांगतो, पाटीवरचं नाव वाचून. आणि बिऱ्हाडाचं दार उघडं आहे का, हा फोल्डरच्या परवानगीचा प्रश्न. तीन जागा आहेत, याच क्रमाने बघायच्या.

पहिलं पिंग, म्हणजे नाव कुठल्या मशीनकडे जातं ते दाखवणारी कमांड. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहून स्पेस देऊन तुमच्या साइटचं नाव टाका. उत्तरात १२७.०.०.१ दिसलं (किंवा कोलन कोलन १, तेही आपलंच मशीन) की पत्ता बरोबर, पुढे चला. होस्ट सापडत नाही असं आलं तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातली होस्ट्स फाइल बघा. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, नाहीतर सेव्हच होत नाही, आणि मग माणूस वैतागून ती डेस्कटॉपवर सेव्ह करतो, नोटपॅड मागे गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवतं, एक्सप्लोरर ते शेपूट लपवतो, आणि आपण म्हणतो फाइल तर आहे की! एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून ठेवा, कायमचंच. ओळीच्या सुरुवातीला हॅश राहिला असेल तर ती ओळ नसल्यातच जमा.

नाव ठेवताना शेवट डॉट टेस्ट ठेवा. १९९९ पासून ते अशा कामासाठीच राखून ठेवलंय. डॉट डेव्ह नको, कारण ते गूगलचं खरंखुरं डोमेन आहे आणि क्रोम २०१७ च्या डिसेंबरपासून त्याला जबरदस्तीने एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) ढकलतो, मग सगळं बरोबर असूनही पान उघडत नाही.

पिंग ठीक आहे पण अपाची सुरूच होत नसेल तर बहुतेक ८० नंबरचा पोर्ट (वेब सर्व्हरची नेहमीची वाट) दुसऱ्या कोणीतरी अडवलाय, बऱ्याचदा विंडोजचा स्वतःचाच वेब सर्व्हर आयआयएस. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलमधलं नेटस्टॅट बटण दाबलं की कोण बसलंय ते दिसतं.

आता खरी मजा. झॅम्पच्या अपाची फोल्डरात बिन आहे, तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून एचटीटीपीडी लिहा, स्पेस, डॅश आणि मोठा एस. अपाचीला कुठली नावं माहीत आहेत, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवरून घेतली आणि डीफॉल्ट कोण, सगळी यादी समोर. मला विचाराल तर हीच एक कमांड पाठ करा. मोठ्या एसऐवजी छोटा टी दिला तर अपाची फक्त सेटिंगच्या फाइलींचं व्याकरण तपासतो. व्हॉट्सअॅपवरून कोड उचलून चिकटवला की त्यात तिरके कोट येतात, अपाचीला साधे सरळच लागतात.

भावाच्या यादीत नाव होतं, पण नीट बघितलं तर होस्ट्समध्ये द्राक्षच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी ए होता आणि व्हीहोस्ट्सच्या फाइलीत (व्हर्च्युअल होस्ट लिहायची अपाचीची फाइल, प्रत्येक साइटचा एक ब्लॉक) सर्व्हरनेमला, म्हणजे साइटच्या नावाच्या ओळीत, नव्हता. बस्स, एका ए साठी दोन दिवस! पाटीवरचं नाव जुळलं नाही की अपाची पाहुण्याला परत पाठवत नाही, फाइलीत जो पहिला ब्लॉक असेल त्याच्या घरात नेऊन बसवतो, आणि पहिला होता लायब्ररी प्रोजेक्ट. म्हणून एरर न येता भलतीच साइट दिसते तेव्हा हेच समजायचं.

याच कारणाने पहिला व्हर्च्युअल होस्ट टाकला की साधं लोकलहोस्टही (आपल्याच मशीनचं ठरलेलं नाव) तिकडेच जायला लागतं. उपाय सोपा, सगळ्यात वर लोकलहोस्ट नावाचा ब्लॉक टाका, डॉक्युमेंटरूट (साइटच्या फाइलींचा फोल्डर) म्हणून झॅम्पचा नेहमीचा एचटीडॉक्स ठेवा, बाकीच्या साइट त्याच्या खाली.

साइट बरोबर पण ४०३ (परवानगी नाही) हा एरर आला, म्हणजे दार बंद. प्रोजेक्ट डी ड्राइव्हला ठेवला असेल तर हे होणारच, कारण अपाची मुळात सगळे फोल्डर बंद ठेवतो, फक्त एचटीडॉक्स उघडा असतो. त्या फोल्डरसाठी डिरेक्टरी ब्लॉक लिहून आत रिक्वायर ऑल ग्रँटेड टाका. ऑर्डर अलाउ डिनायवाली जुनी पद्धत २.४ च्या आधीची आहे, नेटवर अजून तीच सापडते, कॉपी करू नका. पाथमध्ये स्लॅश पुढे झुकलेला, आणि फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर अख्खा पाथ कोटमध्ये.

व्हीहोस्ट्सच्या फाइलीत काहीही बदललं की अपाची स्टॉप करून परत स्टार्ट करा, नुसतं सेव्ह करून भागत नाही. होस्ट्स फाइलीला रिस्टार्ट लागत नाही. तरीही जुनंच पान दिसत असेल तर इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा, आणि तिथेही नाहीच जमलं तर लॉग्ज फोल्डरातल्या एरर लॉगची शेवटची ओळ वाचा.