सांधा धरलेला घोडा घ्यायचा का?
महालक्ष्मीच्या रेसमधून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतोय, ‘सांधा जरा धरतो, बाकी फर्स्ट क्लास’? लगेच हो म्हणू नका. तबेल्याचं भाडं दुखऱ्या घोड्यालाही तेवढंच पडतं. विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या पशुवैद्याकडून फ्लेक्शन टेस्ट करून घ्या: सांधा मिनिटभर दुमडून धरायचा, सोडताच कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवायचा. लंगडला तर एक्स-रे काढा. रक्तही त्याच दिवशी तपासा. वेदनाशामक टोचलेला घोडा छान पळतो! हॉक म्हणजे मागच्या पायाच्या मध्यावरचा मोठा सांधा; त्यातल्या खालच्या सांध्यांची हाडं कधीकधी एकजीव होतात आणि दुखणं कमी होतं. पुढच्या गुडघ्यातली झीज मात्र भरून येत नाही. असा घोडा हलक्या रपेटीपुरता ठीक, उड्यांसाठी नको.